तो 'नाही' म्हणत नाही

(आपल्या मंदिर न्यासाच्या मे महिन्याच्या सेवा-मेळाव्यात एका पशुवैद्यक भगिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि जे आले होते त्यांना फ्रिजवर लावून ठेवण्यासाठी.)



महाप्रसादाची पानं मांडायला अजून पाऊण तास आहे, असं कार्यवाहांनी मला सांगितलंय. तेवढ्याच वेळात मी बोलणार आहे. समोरून मसालेभाताचा वास येत असताना लांबलेलं भाषण कुणालाच पचत नाही, मलाही नाही.

माझी ओळख थोडक्यात करून देते. मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. इथे आल्यावर परवान्यासाठी पुन्हा परीक्षा दिल्या आणि गेली चौदा वर्षं फिनिक्सच्या या खोऱ्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरची चार पायांची मंडळी माझ्या ओळखीची आहेत. ती मला पाहिलं की टेबलाखाली जातात, तेव्हा ओळख पक्की आहे म्हणायची.

विश्वस्त मंडळाने मला उन्हाळ्यावर बोलायला सांगितलं. कुणाला वाटेल, यात नवीन काय? आपण नागपूर-अकोल्याचे, जळगाव-भुसावळचे लोक, आपल्याला ऊन काय शिकवायचं? पण हे ऊन वेगळं आहे. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याहून वर गेला. त्याच जुलैत सलग १६ रात्री तापमान ९० अंशांच्या खाली उतरलंच नाही. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस शंभरी गाठली गेली. मॅरिकोपा काउंटीने २०२३ मध्ये उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद केली आहे. ही माणसं होती. त्यांना तहान लागली, चक्कर आली, तर बोलून सांगता येत होतं. आपल्या घरातल्या मुक्या जिवाला तेही येत नाही.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. कुत्रा 'नाही' म्हणत नाही. तुम्ही पट्टा हातात घेतलात की तो उड्या मारतो, मग बाहेर ११५ अंश असोत. पाय भाजत असले तरी तुमच्या मागे चालतो. दम लागला तरी फेकलेला चेंडू आणायला धावतो. आपल्याला तो तयार दिसतो, म्हणून आपण पुढे जातो. त्याचा उत्साह हे त्याच्या प्रकृतीचं प्रमाणपत्र नाही. 'आज नको' हे म्हणण्याचं काम त्याचं नाही, आपलं आहे.

नाथमहाराजांच्या दोन गोष्टी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. आणि पैठणला भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत पोळणारं, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरचं मूल त्यांनी उचलून कडेवर घेतलं. दोन्ही गोष्टी उन्हाच्याच आहेत. आणि दोन्हींत समोरच्याला काही मागता येत नव्हतं, नाथांनी ते पाहून ओळखलं. मला तुमच्याकडून एवढंच पाहणं हवं आहे. ते कसं पाहायचं, ते आता सांगते.

आधी शरीर समजून घेऊ. आपल्याला घाम येतो, तो वाळताना अंग गार होतं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, फक्त पंजांच्या गाद्यांना थोडासा. तो धापा टाकून जीभ, नाक आणि श्वासनलिका यांच्यावरून ओलावा उडवतो आणि तेवढ्यावरच अंग गार ठेवतो. त्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश असतं. ते १०५ च्या पुढे गेलं की उष्माघाताची वेळ आली समजा. म्हणजे त्याच्या हातात तीन-चार अंशांचाच अवकाश आहे. हवा दमट झाली की धापेचा उपयोग आणखी कमी होतो. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, शित्झू ही चपट्या नाकाची कुत्री आणि पर्शियन मांजरं यांची श्वासाची वाटच अरुंद असते. त्यांना गार होण्यासाठी जी धाप टाकावी लागते, तिनेच ती आणखी तापतात. लठ्ठ, म्हातारी, अगदी लहान आणि हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असलेली जनावरंही याच यादीत धरा.

आता पाय. आज तुम्ही चपला बाहेर काढून आत आलात. न्यासाने स्टँडपासून दारापर्यंत जाजम अंथरलं आहे, तरी जाजम संपून दार येईपर्यंतच्या चार पावलांत किती जण टाचांवर उड्या मारत आले, ते मी खिडकीतून पाहत होते. आणि हा मे आहे, वेळ सकाळची आहे. जुलैच्या दुपारी इथलं डांबर १६० अंशांच्या, म्हणजे सुमारे ७१ सेल्सिअसच्या आसपास जातं. या शहरात दर उन्हाळ्यात रस्त्यावर पडून भाजलेली माणसं रुग्णालयात दाखल होतात. कुत्रा त्याच रस्त्यावर रोज अनवाणी चालतो. त्याच्या पंजाची गादी जाड दिसते, पण ती कातडीच आहे. ती भाजते, सोलून निघते, आणि त्यावर पट्टी टिकवणं हे किती कठीण काम आहे ते मला विचारा.

म्हणून बाहेर पडण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सहन झालं नाही, तर त्यालाही होणार नाही. हवेचं तापमान पाहून निर्णय घेऊ नका, जमीन पाहून घ्या. हवा ८७ अंशांची असतानाही उन्हातलं डांबर १४० च्या पुढे गेलेलं असू शकतं. सूर्य मावळला म्हणजे रस्ता निवला असंही नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसभर प्यालेली उष्णता रात्री कित्येक तास सोडत राहतात. जमीन सगळ्यात गार असते ती सूर्योदयाच्या आधी. जूनमध्ये इथे सव्वापाचच्या सुमारास उजाडतं. म्हणजे फिरायला जायची वेळ पहाटे साडेचार ते साडेपाच. काकड आरतीची सवय असलेल्यांना हे जड जाऊ नये.

बऱ्याच जणांच्या परसात कृत्रिम हिरवळ आहे. दिसायला गवत, पण उन्हात ती डांबराइतकी तापते. तिच्यावर पाणी मारलं तरी थोड्याच वेळात पुन्हा तशीच होते. कुत्र्यासाठी बूट मिळतात, ते जरूर घ्या, पण घरात आठवडाभर सवय करून मग बाहेर वापरा. आणि लक्षात ठेवा, बूट पाय वाचवतात, धाप वाचवत नाहीत.

इथे मला खास करून भारतातून आलेल्या आई-बाबांशी बोलायचं आहे. मागच्या रांगेत बरेच जण दिसतात. आजोबा, तुमची मुलं कामावर जातात, नातवंडं शाळेत किंवा कॅम्पला जातात, आणि दिवसभर तुमच्या सोबतीला तो कुत्रा असतो. संध्याकाळी साडेपाचला चहा झाला की तुम्ही पट्टा घेऊन निघता. पुण्यात साडेपाचला वारा सुटलेला असतो. इथे उन्हाळ्यात दिवसाचं सगळ्यात जास्त तापमान दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान असतं. साडेपाच म्हणजे इथली भर दुपार आहे. तुम्हालाही ती बरी नाही आणि त्यालाही नाही. चहा घ्या, पण पट्टा खुंटीवर राहू द्या. आणि मुलांनो, सुनांनो, जावयांनो, हे आई-बाबांना पहिल्याच दिवशी सांगायचं काम तुमचं आहे. जवळच्या व्हेटचा पत्ता आणि फोन मराठीत लिहून फ्रिजवर लावा.

डोंगरावर जाणाऱ्या तरुण मंडळींसाठी एक नियम. २०१६ पासून फिनिक्स शहराच्या डोंगरवाटांवर तापमान १०० अंशांना पोचलं की कुत्र्यांना बंदी आहे. सकाळी आठला निघालात आणि वर पोचेपर्यंत शंभर झाले, तर उतरायचं त्याच उन्हात आहे. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश कुत्र्यांना तो धावण्या-खेळण्याच्या श्रमामुळे झाला होता. इंग्लंडमध्ये! म्हणजे नुसतं ऊन नव्हे, उन्हातले श्रम मारतात.

आता गाडी. आपल्याच पार्किंगबद्दल बोलते, राग मानू नका. 'दोन मिनिटांत दर्शन घेऊन येतो' असं म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवणारे भाविक आहेत. आषाढी एकादशीला आत रांग असते, कुणी ओळखीचं भेटतं, तीर्थ-प्रसाद होतो, आणि दोन मिनिटांची पंचवीस मिनिटं कधी झाली ते कळत नाही. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे १९ अंशांनी आणि अर्ध्या तासात सुमारे ३४ अंशांनी वाढतं. बाहेर १०० असेल तर अर्ध्या तासात आत १३४. काच चार बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. सावली सरकते. एसी चालू ठेवून गेलात आणि इंजिन बंद पडलं, तर तुम्हाला आत कळणार नाही.

ॲरिझोनाच्या कायद्याने जनावराला इजा किंवा मृत्यू होईल अशा रीतीने गाडीत एकटं कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. आणि २०१७ पासून दुसराही एक कायदा आहे, तो प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. कोंडलेलं मूल किंवा पाळीव जनावर जिवाच्या धोक्यात आहे असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटलं, तर काच फोडून त्याला बाहेर काढल्याबद्दल तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. पण अटी आहेत. गाडीला कुलूप आहे आणि दुसरा मार्ग नाही याची आधी खात्री करा. काच फोडण्यापूर्वी ९११ ला किंवा प्राणी-नियंत्रण विभागाला कळवा. गरजेपेक्षा जास्त तोडफोड करू नका. आणि मदत येईपर्यंत त्या जिवापाशी थांबा. आपल्या मंदिरात तर याहून सोपा मार्ग आहे. गाडीचा नंबर घेऊन कचेरीत या, माइकवरून पुकारा करता येईल. आरती मध्येच थांबवावी लागली तरी देव रागावणार नाही.

घरी राहणाऱ्या जनावरांकडे वळू. 'आमचा परसातच असतो, सावली आहे, पाणी आहे' असं मला सांगतात. ११२ अंशांच्या हवेत सावलीसुद्धा ११२ अंशांचीच असते. उन्हाळ्यात कुत्रा घरात, एसीत, हा इथला नियम धरा. बाहेर जायचं ते विधीपुरतं. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. स्टीलचं भांडं उन्हात तापतं, त्यापेक्षा जड मातीचं किंवा चिनी मातीचं बरं, ते कलंडतही नाही. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर पौंडामागे साधारण एक औंस पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. परसात तलाव असेल तर त्याला पायऱ्या कुठे आहेत ते शिकवा. पोहता येणारा कुत्राही बाहेर पडायची जागा सापडली नाही तर दमून बुडतो.

हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन, पॉमेरेनियन यांची दुहेरी लव पूर्ण भादरू नका. ती लव उन्हापासूनही आडोसा देते. रोज विंचरून आतली मेलेली लव काढली की पुरे.

मांजर आपली सोय आपण पाहतं असं आपल्याला वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते कधीही साधं समजू नका, लगेच निघा. वॉशिंग मशीन आणि ड्रायर चालू करण्याआधी आत पाहा, गॅरेजचं दार लावण्याआधी मोजणी करा. बंद गॅरेज ही उन्हाळ्यात भट्टी असते. सशांना तर ८० अंशांच्या पुढची हवाच सोसत नाही. बर्फ केलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, तो तिला टेकून बसेल. पोपटाने चोच उघडी ठेवली आणि पंख अंगापासून दूर धरले, की त्याला उकडतंय. पिंजरा खिडकीतून हलवा, पण एसीच्या झोताखालीही ठेवू नका.

खाण्याबद्दल दोन शब्द, कारण आपली माया पानातून वाहते. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात. मनुका आणि द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तेव्हा प्रसाद घरच्या कुत्र्याला भरवायचा मोह टाळा, त्याच्या डोक्यावरून हात फिरवा, पोचतो तो. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे खिशात कांदा ठेवतात, जेवणात कच्चा कांदा वाढतात. कुत्र्या-मांजरांना कांदा आणि लसूण दोन्ही वर्ज्य आहेत, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पन्हं, सरबत, मीठ-साखरेचं पाणी देऊ नका, साधं पाणीच द्या. आंबे आले की कोयी कचऱ्याच्या डब्यात झाकून टाका. गिळलेली कोय आतड्यात अडकली तर पोट उघडावं लागतं.

आता इथला पावसाळा. १५ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंतच्या काळाला इथे मान्सूनच म्हणतात, आणि आपल्याला त्या शब्दाने उगाच गहिवरून येतं. त्यात दोन धोके आहेत. एक, हवा दमट होते, आणि मघाशी सांगितलं तसं धापेचं काम अडतं. १०२ अंशांचा दमट दिवस ११० च्या कोरड्या दिवसापेक्षा सोपा नसतो. दुसरा धोका भेकाचा. पावसाच्या रात्री सोनोरा वाळवंटातले मोठे हिरवट भेक परसात येतात, तळहाताएवढे, काही त्याहून मोठे. त्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असतं. कुत्र्याने भेक तोंडात धरला की लाळ गळू लागते, हिरड्या लालभडक होतात, तोल जातो, झटके येतात. अशा वेळी ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसून काढा. पाण्याची धार तोंडातून बाहेरच्या दिशेने सोडा, घशात नको. आणि लगेच दवाखाना गाठा. पावसाळ्याच्या रात्री कुत्र्याला परसात एकटं सोडू नका, बॅटरी घेऊन सोबत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उष्माघात ओळखायचा कसा आणि पहिल्या दहा मिनिटांत करायचं काय?

खुणा अशा: धाप थांबत नाही आणि तिचा आवाज मोठा, खरखरीत होतो. चिकट, दाट लाळ. जीभ आणि हिरड्या आधी गडद लाल, मग फिकट किंवा जांभळट. हाक मारली तरी लक्ष नाही. पाय लटपटतात. उलटी, जुलाब. मग कोसळणं, झटके. कोसळण्याची वाट पाहायची नाही. सावलीत येऊन, थांबूनही धाप कमी होत नाही, तिथेच कामाला लागायचं.

पहिलं काम, गार करणं. दुसरं काम, दवाखान्यात नेणं. हा क्रम लक्षात ठेवा. पूर्वी आम्हालाही शिकवलं जायचं की ओलं फडकं घाला, अगदी गार पाणी वापरू नका. आता अभ्यासांवरून सल्ला बदलला आहे. कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलेलं, हाताशी असेल ते पाणी वापरा, पण ताबडतोब वापरा. तरुण, निरोगी कुत्रा असेल तर टबात पाण्यात बसवा, डोकं वर धरा. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगभर, पोटाखाली, काखेत, जांघेत पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो लगेच तापतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका.

इथे फिनिक्सची एक खास गोष्ट सांगते. उन्हात पडलेल्या बागेच्या नळीतलं सुरुवातीचं पाणी उकळत्या चहासारखं असतं, त्याने कातडी भाजते. नळी आधी बाजूला सोडून द्या, हाताला गार लागलं की मगच अंगावर घ्या.

घरात कुणी दुसरं असेल तर त्याने तेवढ्यात दवाखान्यात फोन करावा. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून तापमान बघा, १०३.५ पर्यंत आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते नको इतकं खाली जातं. थर्मामीटर नसेल तर धाप निवली किंवा अंग थरथरू लागलं की थांबा. मग गाडीत एसी पूर्ण लावून निघा. क्रोसिन, टायलेनॉल असलं काहीही देऊ नका. उष्माघातावर त्याचा उपयोग नाही, आणि मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरते. आणि कुत्रा उठून बसला, शेपूट हलवू लागला, तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडं, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया यांना झालेली इजा एक ते तीन दिवसांनी वर येते.

एका जुलैत, एकाच आठवड्यात, माझ्याकडे दोन लॅब्राडॉर आले. दोघंही पाच-सहा वर्षांचे, दोघंही संध्याकाळी चेंडू खेळताना कोसळलेले. पहिल्याच्या घरच्यांनी घाबरून त्याला उचललं आणि थेट गाडीत घालून निघाले. रहदारीत चाळीस मिनिटं गेली. तो आला तेव्हा ताप १०९ होता. आम्ही रात्रभर झगडलो, पहाटे तो गेला. त्या कुटुंबाचं प्रेम कमी नव्हतं, त्यांना क्रम कुणी सांगितला नव्हता. दुसऱ्याच्या घरी एक आजी होत्या. नातवाने फोन लावला, आणि आजींनी न्हाणीघरात बसून तांब्याने त्याच्या अंगावर सतत पाणी ओतलं. तो आला तेव्हा ताप १०४ वर उतरला होता. दोन दिवसांनी घरी गेला. आजींना इंग्रजी येत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, पण तांब्या होता. म्हणून म्हणते, हे काम घरातलं कुणीही करू शकतं. पण ते आधी माहीत असायला हवं.

शेवटचा मुद्दा सुट्टीचा. जून-जुलैत शाळा बंद, आपण पाच-सहा आठवडे भारतात. म्हणजे इथल्या सगळ्यात कडक उन्हाळ्यात आपलं जनावर दुसऱ्याच्या हाती असतं. जाण्याआधी चार गोष्टी करा.

एक, एसीची देखभाल मे महिन्यातच करून घ्या. जुलैत बंद पडला तर माणूस यायला दिवस लागतात. घराचं तापमान वाढलं की फोनवर कळवणारं यंत्र मिळतं, ते लावा.

दोन, सांभाळणाऱ्याला वेळापत्रक लिहून द्या. पहाटेची फेरी किती वाजता, दुपारी बाहेर नाही, पाणी कुठे कुठे.

तीन, व्हेटकडे लेखी संमतीपत्र ठेवा. ॲरिझोना भारताच्या साडेबारा तास मागे आहे, वर्षभर. इथे दुपारी तीनला कुत्रा कोसळतो तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि तुमचा फोन उशाशी मुका पडलेला असतो. उपचार सुरू करा, अमुक रकमेपर्यंत खर्च मंजूर आहे, आणि आम्ही सापडलो नाही तर निर्णय अमुक व्यक्ती घेईल, हे कागदावर असेल तर माझ्यासारखीला थांबावं लागत नाही.

चार, एक दुसरा माणूस ठरवून ठेवा. सांभाळणारा आजारी पडला, एसी बंद पडला, तर जनावर त्याच रात्री कुठे जाईल?

या चौथ्या गोष्टीसाठी न्यास पुढे आला आहे, आणि म्हणून आता आवाहन. कचेरीत एक वही ठेवली आहे. जे भारतात जाणार आहेत त्यांनी तारखा आणि जनावराची माहिती लिहावी. जे इथेच आहेत आणि अडीअडचणीला एक-दोन रात्री ठेवून घेऊ शकतात, त्यांनी आपलं नाव लिहावं. पैशांचा व्यवहार यात नाही, सेवा आहे.

दुसरं, आपल्यातले काही ज्येष्ठ एकटे राहतात, मांजर किंवा कुत्रा हीच त्यांची सोबत. एसी बिघडला तर जनावराला सोडून थंडाव्याच्या केंद्रात जायला ते तयार होत नाहीत, आणि स्वतःचाही जीव धोक्यात घालतात. अशांच्या एसी-दुरुस्तीसाठी सेवा-निधीत या महिन्यात वेगळी नोंद केली आहे. पाच डॉलरही चालतील. आणि पैशांपेक्षा जास्त, तुमच्या गल्लीतल्या अशा घराची कडी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वाजवा.

तिसरं, आषाढी आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत पार्किंगमध्ये दर पंधरा मिनिटांनी फेरी मारायला सहा सेवेकरी हवेत. गाड्यांच्या काचांतून आत पाहायचं, मूल किंवा जनावर दिसलं तर कचेरीत धावायचं. टोपी आणि पाणी न्यास देईल.

चौथं, जुने टॉवेल, जड वाडगे आणि न वापरलेले पट्टे घरी असतील तर दाराजवळच्या पेटीत टाका. ते काउंटीच्या प्राणी-आश्रयगृहाला देऊ.

माझं बोलणं संपलं. प्रश्न असतील तर जेवताना विचारा, मी पंगतीतच आहे. फक्त जेवण झाल्यावर तुमच्या कुत्र्याचा फोटो दाखवून 'जरा बघता का, कानाला काय झालंय' असं विचारणार असाल, तर आधी मला मठ्ठा पिऊ द्या.